राज्यस्तरावर जाऊन आले

आमच्या संस्थेला देणगी देणाऱ्या मंडळींनी यंदा नवीनच टूम काढली. तुमचं काम चांगलं आहे, म्हणाले, पण ते फार खालच्या पातळीवर अडकलंय, ते राज्यस्तरावर न्या. आम्ही कोल्हापुरात घरकाम करणाऱ्या बायकांसाठी काम करतो. एखाद्या बाईवर चोरीचा आळ घेऊन मालकिणीनं तिला काढलं की मी जाते, दारात उभी राहून चारचौघांत भांडते, आणि बाई परत कामावर लागते. आता हेच भांडण मुंबईतल्या माणसांशी खालच्या आवाजात करायचं आणि त्याला अ‍ॅडव्होकसी म्हणायचं, असं मला समजलं. ते शिकवणारं निवासी शिबिर नाशिकला होतं, आणि तेही ऐन श्रावणात.

"मंगलताई, तुम्हीच जा," असं सगळे एका सुरात म्हणाले. बाकीच्यांच्या घरी व्रतं होती, उपास होते, सत्यनारायण होते. माझ्या घरी फक्त नवरा होता, आणि त्याची काही हरकत नव्हती. उलट जरा जास्तच नव्हती.

गंगापूर रस्त्याच्या पुढे

नाशिकचा माणूस गोड बोलतो, हे मी ऐकून होते. पण रिक्षावाल्यानंसुद्धा "बसा ना ताई" म्हणावं, याचा मला धक्का बसला. आमच्याकडे "बसा की" म्हणतात, आणि त्यात "बसायचं तर बसा, नाहीतर मी निघालो" हे आलंच. शिबिराचा पत्ता सांगितल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "शिबिरालाच ना? वाइनवाल्यांकडं नाही ना? दोन्हींचं फाटक शेजारीशेजारीच आहे. मागं एक गुरुजी चुकून तिकडं गेले, ते संध्याकाळीच आले बाहेर."

खरंच शेजारी होतं. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या कुंपणापलीकडं द्राक्षबाग, आणि बागेच्या टोकाला मुंबईची मंडळी टोप्या घालून वाइनची चव घ्यायला आलेली. आमच्या बाजूला लिंबू सरबत. तेही श्रावण म्हणून बिनमिठाचं.

खोलीत माझ्या जोडीला यमुना होती. कळवणच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावरची. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तिकडच्या बायकांची एक छोटी संस्था आहे, त्यांनी तिला पाठवलं होतं. मी पिशवी ठेवते न ठेवते तोवर तिनं खिडकीतून पलीकडची बाग पाहून सांगितलं, "ही बाग लय जुनी हाय ताई. छाटायला तरास देईल."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मी दरसाल छाटते ना!"

गणपती उठले की यमुनेचा अख्खा पाडा दिंडोरी, पिंपळगावकडं द्राक्षाच्या कामाला उतरतो, तो होळीच्या सुमाराला घरी परततो. मुकादम टेम्पो घेऊन येतो आणि घरंच्या घरं भरून नेतो. मागं राहतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांचं त्यांनाच होत नाही. त्यामुळं पोरंही टेम्पोत. यमुनेची लेक अश्विनी यंदा सहावीत होती. म्हणजे पटावर सहावीत. प्रत्यक्षात दरसाल अर्धं वर्ष बागेत धाकटी पोरं सांभाळत होती.

"औंदा गेली तर परत शाळंत जायची नाय ती," यमुना पहिल्याच रात्री अंथरूण घालता घालता म्हणाली. "मुकादम म्हणला, पोर उंच झाली, हिची बी हजेरी लावतो. एकदा हजेरी लागली ना ताई, मग पाटी कोण धरतंय?"

यावर सरकारचा उपाय आहे, बरं का. त्याला हंगामी वसतिगृह म्हणतात. आईबाप कामाला बाहेर गेले की शाळेच्याच एका खोलीत मुलांनी जेवायचं, झोपायचं, आणि दिवसा शाळा करायची. यमुनेच्या पाड्यावर ते मंजूरही आहे. फक्त ते उघडतं दिवाळीनंतर. का, तर हा नियम ऊसतोडीचा विचार करून केलाय आणि ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. द्राक्षवाले त्याच्या महिना-दीड महिना आधी निघून गेलेले असतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. खोली उघडते तेव्हा त्या खोलीत झोपायला पाड्यावर एकही पोर उरलेलं नसतं.

मी उसाच्या मुलखातली. आमच्या भल्यासाठी केलेला नियम इथं डोंगरात असा आडवा पडलाय, हे माझ्या कधी ध्यानीमनी नव्हतं.

उद्वाहक-निवेदन

शिबिर घेणारे अनिरुद्धसर मुंबईचे. माणूस सज्जन, घोटीव, आणि वेळेचा भलताच पक्का. पहिल्या दिवशी सकाळी ते उभे राहिले आणि म्हणाले, "चला, थेट विषयाला हात घालू." सभागृहात अशी काही शांतता पसरली की त्यांना वाटलं माइक बंद आहे. शेवटी कुणीतरी चाचरत विचारलं, "सर, दीपप्रज्वलन?"

मग समई आली. समई आली म्हणजे तेल आलं, वाती आल्या, पंख्याखाली त्या विझल्या, पंखे बंद झाले. मग स्वागतगीत. सरांना शाल, सरांच्या मदतनीस बाईंना शाल, केंद्राच्या व्यवस्थापकांना शाल. मग प्रत्येकाची ओळख, आणि ओळखीत प्रत्येकाचा जीवनप्रवास. सर विषयाला हात घालणार तोच जेवणाची घंटा झाली.

दुपारी मात्र त्यांनी आम्हाला बरंच काही शिकवलं. कुणाच्या हातात निर्णय आहे, कोण त्याच्या कानाशी आहे, कोण आडवं येईल, याचा नकाशा काढायचा. मागणी एकच ठेवायची, तिला ते "आस्क" म्हणत. आणि मंत्री जिन्यात, दारात, कुठंही भेटला तरी दोन मिनिटांत ती सांगता आली पाहिजे. याला इंग्रजीत लिफ्टवरून काहीतरी नाव आहे. आम्हाला दिलेल्या मराठी पुस्तिकेत ते "उद्वाहक-निवेदन" असं छापलं होतं. यमुनेनं विचारलं, "हे काय झालं?" मी म्हटलं, "लिफ्टमध्ये साहेब सापडला तर काय बोलायचं ते." ती म्हणाली, "आमच्या कळवणला लिफ्ट नाय आणि साहेब बी नाय." तरीपण पाठांतराला सगळ्यात आधी तीच बसली.

गटांनी आपापली मागणी निवडायची होती. आमच्या गटात मी, यमुना आणि मालेगावचे रफिकभाई. रफिकभाई साठी उलटलेले, पांढरी दाढी, डोळ्यांत मिस्कील चमक. ऐन उमेदीची वर्षं यंत्रमागावर घालवली, आता मागावरच्या कामगारांच्या छातीच्या दुखण्यासाठी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतात. इतकी वर्षं मागाच्या खडखडाटात गेल्यामुळं हळू बोलणं त्यांना जमतच नाही. मी घरकामगारांची मागणी पुढं करणार होते, ते दवाखान्याची करणार होते. यमुनेनं अश्विनीचं सांगितलं आणि रफिकभाई म्हणाले, "ताई, अपनं नंतर बघू. आपलं दुखणं जुनं आहे, ते कुठं जात नाही. इस बच्ची का टेम्पो गणपतीनंतर निघतोय." मग आमची मागणी ठरली. वसतिगृह पितृपंधरवड्याच्या आत उघडा.

सराव म्हणून सरांनी रफिकभाईंना मंत्री केलं. काय सांगू, मला तर खरा मंत्रीसुद्धा इतका खरा वाटला नसता. यमुना तोंड उघडते तोच हे फोन उचलायचे, "हां बोला, बोला, मी मीटिंगमध्ये आहे," आणि मग तासभर बोलल्यासारखं बोलायचे. फोन ठेवला की चहा सांगायचे. चहा आला की तिला विचारायचे, "तुमचं गाव कोणतं? कळवण? अरे, कळवणचे आमचे एक मित्र होते," आणि वारलेल्या मित्राच्या आठवणी काढायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. यमुना मात्र हसली नाही. चार वेळा अडवल्यावर पाचव्यांदा तिनं टेबलावर हात आपटला आणि एका दमात सगळं म्हणून टाकलं. सरांनी टाळ्या वाजवल्या.

मिसळीची गोष्ट

कोल्हापूरच्या माणसाला नाशिकला नेऊन मिसळ खाऊ घालणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण रफिकभाई ऐकेनात. सकाळी गंगापूर रस्त्यावरच्या एका मळ्यात घेऊन गेले. मिसळ खायला मळा! झोपाळे, बैलगाडी, फोटो काढायची जागा. आमच्याकडे मिसळ उभ्या-उभ्या, घाम पुसत आणि पुढच्याची खुर्ची कधी रिकामी होते ते बघत खातात. इथं ताटात मटकी वेगळी, रस्सा वेगळा, वर पापड, बाजूला दही, आणि माझ्या डोळ्यांदेखत जिलबी.

"मिसळीबरोबर जिलबी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ताई, अ‍ॅडव्होकसी," रफिकभाई शांतपणे म्हणाले. "तिखट सांगायचं, पण हातात गोड ठेवायचं."

रस्सा काळा होता, आणि खोटं का बोलू, चांगला होता. हे मी कोल्हापुरात कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. पाव मी दोनदा मागवला. जिलबीला मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही. काही तत्त्वं असतात माणसाला.

कळवणच्या वर

तिसऱ्या दिवशी क्षेत्रभेट होती. वणीचा डोंगर डावीकडं ठेवून गाडी कळवणकडं गेली आणि कळवणच्याही पुढं चढायला लागली. हिरवं किती असावं याला काही मर्यादा! भातखाचरं, नागलीचे म्हणजे आमच्या नाचणीचे पट्टे, मधूनच ढग रस्त्यावर उतरून बसलेले. पाड्याच्या अलीकडं गाडी थांबली आणि पायवाट सुरू झाली. मी ऐटीत कोल्हापुरी पायताण घालून आले होते. दहाएक पावलांत एक पायताण चिखलानं जे गिळलं ते परत दिलंच नाही. यमुनेनं कोपरापर्यंत हात घालून शोधलं, मग म्हणाली, "जाऊ द्या ताई. उन्हाळ्यात निघंल." दुसरं हातात धरून मी अनवाणी पाड्यावर पोचले.

यमुनेच्या घरी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि खुरासणीची चटणी झाली. आमच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गर्वाला ती काळी भाकरी चांगलीच पुरून उरली. अनिरुद्धसरांनी तीन खाल्ल्या आणि चौथी मागायला ते लाजले, ते पाहून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

अश्विनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उंच, शेलाटी, दोन घट्ट वेण्या. मी विचारलं, "शाळा आवडते का गं?" ती नुसती माझ्या हातातल्या एकट्या पायताणाकडं बघत राहिली. सरांनी वाकून, मऊ आवाजात विचारलं, "तुला मोठेपणी काय व्हायचंय?" ती आत निघून गेली. "लाजते," यमुना म्हणाली. आम्हीही तेच मानलं आणि शाळा बघायला गेलो.

मुख्याध्यापक भला माणूस होता. वसतिगृहाची खोली त्यांनी उघडून दाखवली. भांडी घासून पालथी घातलेली, सतरंज्या गुंडाळून ठेवलेल्या. "सगळं तयार आहे," ते म्हणाले, "फक्त वरून आदेश आल्याशिवाय मी चूल पेटवली तर उद्या मलाच विचारतील, कुणाच्या हुकमानं पेटवली?" यमुना त्या पालथ्या भांड्यांकडं बघत उभी राहिली. एवढीशी गोष्ट, मी मनाशी म्हटलं. नुसतं भांडं सुलटं करायचं, आणि त्यासाठी आम्ही नकाशे काढतोय.

विश्रामगृह

चौथ्या दिवशी खरी परीक्षा. मुलांच्या प्रश्नांवरच्या कुठल्याशा समितीवर असलेले एक आमदार दौऱ्यावर येणार होते, आणि सरांनी खटपटी करून विश्रामगृहात त्यांची पंधरा-वीस मिनिटं मिळवली होती. आदल्या संध्याकाळी सरांनी आम्हाला बजावलं, "हार नाही. शाल नाही. भाषण नाही. यमुनाताई बोलतील, मागणी मांडतील, साहेबांचं उत्तर घेऊन आपण बाहेर." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांना वाटलं, त्या संमतीनं डोलावल्या.

आता खरं सांगते. मी पिशवीत फक्त गुळाची एक ढेप घेतली होती. लहानशी. कोल्हापूरचा माणूस कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही, आणि गुळाला कुणी हार म्हणत नाही. यमुनेनं फक्त एक नारळ घेतला होता. रफिकभाईंनी मालेगावची फक्त एक चादर घेतली होती, मागावर काम करणाऱ्या मित्रानं विणलेली. दुसऱ्या गटातल्या नांदगावच्या पोरींनी फक्त एक गुलाबांचा गुच्छ. बाकीच्या गटांतही प्रत्येकाचं फक्त काहीतरी होतंच. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच आणतोय.

साहेब आले, बसले, म्हणाले, "बोला." आणि नांदगावची पोरगी गुच्छ घेऊन उठली. एवढंच निमित्त झालं. एकाचा सत्कार झाला म्हटल्यावर दुसऱ्यानं आपली वस्तू पिशवीतच ठेवणं म्हणजे साहेबांचा अपमानच की! ओळ लागली. गुच्छ, नारळ, शाल, चादर, पुन्हा शाल, माझी ढेप. प्रत्येक वस्तूला एक फोटो. एका फोटोत साहेबांचे डोळे मिटले म्हणून तो परत. मग कुणीतरी प्रास्ताविक सुरू केलं आणि त्यात शिबिराचा इतिहास आला, संस्थेच्या संस्थापकांचा आला. अनिरुद्धसर भिंतीला टेकून "आस्क, आस्क" असं ओठांनी म्हणत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले होते, पण आम्ही तर भांड्याला हळदकुंकू लावून त्याची मिरवणूकच काढली.

साहेबांच्या सचिवानं घड्याळ पाहिलं. "चला साहेब, पुढं ओझरला वाट बघतायत."

यमुना ताडकन उठली. "साहेब, मी कळवण तालुक्यातून..."

साहेबांनी उठता उठता प्रेमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "छान काम चाललंय ताई तुमचं. असंच चालू ठेवा."

आणि ते दाराकडं वळले. यमुनेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चार दिवस पाठ केलेलं सगळं त्या तोंडात तसंच होतं. मला असा संताप आला म्हणता! साहेबांचा नाही हो, आमचाच. आमच्या शालींचा, माझ्या त्या मेल्या ढेपेचा.

तेवढ्यात सचिव सवयीनं म्हणाला, "आभार कोण मानतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्या दिवसापासून आभार मीच मानत होते. कोल्हापुरातही मीच मानते, तो माझा नाइलाजाचा छंद आहे. साहेब दारात थांबले. आभार होईपर्यंत कुणीच जात नाही, तेवढी रीत त्यांनाही होती. आणि त्या संतापात माझ्या तोंडून जे निघालं, ते मी ठरवलेलं नव्हतं, देवाशपथ.

"साहेब," मी म्हणाले, "कळवणच्या वरच्या पाड्यांवरची पोरं यंदा आईबापाबरोबर द्राक्षाच्या बागांत जाणार होती. त्यांची शाळा सुटणार होती. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं दिवाळीनंतर न उघडता पितृपंधरवड्याच्या आतच उघडण्याचा शब्द आपण आज दिलात. त्याबद्दल त्या सगळ्या आयांच्या वतीनं मी आपले मनःपूर्वक आभार मानते."

साहेबांनी सचिवाकडं पाहिलं. सचिवानं माझ्याकडं पाहिलं. अनिरुद्धसरांनी छताकडं पाहिलं.

"वाह!" रफिकभाईंचा आवाज घुमला. मागाच्या खडखडाटात कमावलेला आवाज तो, कुठंही पोचतो. "वाह साहेब! जियो! क्या बात है!" आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. टाळ्या वाजल्या की वाजवायच्या, हे आमच्या सगळ्यांच्या हाडीमासी खिळलेलं. सगळे वाजवायला लागले. कोपऱ्यातला पत्रकार, जो आतापर्यंत शाली मोजत होता, त्यानं वही उघडली.

साहेबांचे हात आपोआप जोडले गेले. "हो, हो," ते म्हणाले. "मुलांसाठी करायलाच पाहिजे. करूच." आणि गेले.

बाहेर आल्यावर अनिरुद्धसर माझ्यावर भडकले. "मंगलताई, हे नीतीला धरून नाही. त्यांनी शब्द दिलाच नव्हता!" मी म्हटलं, "मग त्यांनी नाही म्हणायचं होतं की. माझं तोंड कुणी धरलं होतं?" संध्याकाळच्या समारोपात मात्र सरांच्या पडद्यावर एक नवीन वाक्य आलं, "जाहीर वचनबद्धतेचे तंत्र." खाली नाव माझं नव्हतं, पण मीही काही त्यासाठी अडून बसले नव्हते.

विश्रामगृहातून केंद्रावर परतताना गाडीत यमुना खिडकीला डोकं टेकून रडायला लागली. "काम झालं ना गं, मग?" मी विचारलं. "माझं बोलणं राहून गेलं," ती म्हणाली. "मी रोज पहाटं उठून म्हणत होते." रफिकभाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली, मागं वळून बसले आणि म्हणाले, "बोल बेटी. आम्ही ऐकतो." भर रस्त्यात, गाडीतल्या आम्हा सगळ्यांसमोर, यमुनेनं ते दोन मिनिटांचं सगळं म्हटलं. एक शब्द चुकली नाही. मध्येच कुणी फोन उचलला नाही की चहा सांगितला नाही.

परत कोल्हापूर

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या एका पेपरात बातमी आली, फोटोसकट. फोटोत चादर स्पष्ट दिसत होती. बातमीत आमदारांनी शब्द दिल्याचं छापलं होतं. सरकारी आदेश म्हणाल तर तो आला नाही. मी फोन करकरून विचारलं. फाइल होती, ती कुठंतरी प्रवासात होती. मला वाटलं, संपलं.

पण पाड्यावरच्या मुख्याध्यापकांनी ते कात्रण शाळेच्या फळ्यावर डकवलं. तालुक्याहून कुणी विचारायला आलं तर ते कात्रणाकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "साहेबांचा शब्द आहे. खरा का खोटा ते तुम्हीच साहेबांना विचारा." विचारायची छाती कुणाची होणार? पितृपंधरवडा लागायच्या आधी त्या खोलीतली चूल पेटली. यमुना टेम्पोत बसली आणि अश्विनी मागं राहिली. शेजारच्या पाड्यांवर कात्रण लावणारं कुणी नव्हतं, तिकडची पोरं टेम्पोतून गेली.

देणगीदारांनी विचारलं, धोरणात बदल झाला का? मी म्हटलं, धोरणात नाही झाला, एका खोलीत झाला. ते म्हणाले, मग तो राज्यस्तरावर धरता येणार नाही.

नवरात्र संपता संपता यमुनेचा बागेतून फोन आला. मला वाटलं आनंदाचा असेल. "ताई, पोरगी माझ्याशी बोलत नाय," ती म्हणाली. "शाळंतल्या सरांच्या फोनवर लावते तर म्हणते, सांगा झोपली. भर दुपारी झोपली म्हणते. तुम्ही बोला ना तिच्याशी. तुमचं ऐकंल."

का ऐकेल, ते मला कळलं नाही. पण मी मुख्याध्यापकांना फोन लावला, आणि खरंच अश्विनी आली. मी आपलं सुरू केलं. कोल्हापूरची मावशी बोलतेय, जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, आई तुझ्यासाठी किती झुरते.

"तुम्हीच ना त्या?" शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तुम्हीच साहेबाला सांगून हे चालू करायला लावलं ना?"

"हो गं बाळ, मीच," मी म्हटलं. जरा फुशारकीनंच म्हटलं.

"मग बंद बी करायला लावता येईल ना तुम्हाला?" तिनं विचारलं. "दिवाळीपुरतं तरी?"

चार दिवस आम्ही सगळ्यांचा नकाशा काढला, आमदाराचा, सचिवाचा, मुकादमाचा, आणि या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं. दारात उभी होती तेव्हा आम्ही तिला मोठेपणी काय व्हायचंय ते विचारलं. मी पदरानं डोळे पुसले, तिला थांब म्हटलं, आणि नवऱ्याच्या फोनवरून त्याच मिनिटाला यमुनेला फोन लावून, दिवाळीत मायलेकींना भेटू दे म्हणून भांडायला, मुकादमाचा नंबर मागितला.